ओवी लिहिणारे पाद्री

आमचं अकलूज नीरा नदीच्या काठी आहे. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात. आजूबाजूला जिकडे बघाल तिकडे ऊस. पण आषाढात आमच्या गावाला वेगळाच रंग चढतो. तुकोबारायांची पालखी सराटीजवळ नीरास्नान करून अकलूजला येते. शाळेच्या मोठ्या मैदानावर गोल रिंगण होतं, अश्व धावतो, टाळ-मृदंगाचा गजर होतो. त्या एका दिवसात गावातल्या लहान पोरांच्याही कानावर शेकडो ओव्या आणि अभंग पडतात. ओवी म्हणजे काय, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

म्हणूनच गोव्याच्या सहलीत मी मुलांना एक कोडं घातलं. "मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या लिहिणारा एक कवी असा होता, की तो वयाच्या तिशीपर्यंत मराठीचा एक शब्दसुद्धा बोलला नव्हता. कोण असेल तो?"

गाडीत शांतता पसरली. ज्ञानेश्वर नाहीत, एकनाथ नाहीत, नामदेव नाहीत. मग कोण? उत्तर सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

गाडी निघाली

सहल होती सातवीच्या मुलांची. एस. टी. पहाटे निघाली. पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असं करत दुपार टळली. निपाणीनंतर आजऱ्याचा रस्ता धरला आणि आंबोलीचा घाट उतरताना मुलं खिडकीला चिकटून बसली. आमच्याकडे उघडं माळरान आणि ऊस बघायची सवय. इथे दोन्ही बाजूंनी झाडंच झाडं. सावंतवाडी आणि बांदा मागे टाकून पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली, तेव्हा अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या गोव्यात गेलो. मांडवी नदीच्या काठावरचं हे एकेकाळचं केवढं मोठं शहर! पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकलं आणि इथे आपली राजधानी केली. आता तिथे उरली आहेत ती मोठमोठी चर्च, हिरवळ आणि शांतता. सेंट पॉल कॉलेज नावाच्या एका जुन्या विद्यालयाची तर नुसती कमान उभी आहे. मुलं म्हणाली, "बाई, हिच्यात बघायचं काय?"

बघायचं असं, की भारतात छापखाना पहिल्यांदा आला तो याच विद्यालयात. साल होतं १५५६. गंमत म्हणजे तो गोव्यासाठी पाठवलेलाच नव्हता. जहाज चाललं होतं आफ्रिकेतल्या ॲबिसिनिया देशाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे. वाटेत ते गोव्याला थांबलं आणि छापखाना इथेच राहिला. हा छापखाना लक्षात ठेवा हं, आपल्या गोष्टीत छपाईचं पुढे मोठं काम आहे.

जवळच्याच संग्रहालयात एक उंच ब्राँझचा पुतळा आहे. तो आहे लुईश द कामोंइश या कवीचा. पोर्तुगालमध्ये त्याला केवढा मान! त्याचा मृत्यू १५८० साली १० जूनला झाला, आणि तो दिवस आजही त्या देशाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. लढाईत त्याचा एक डोळा गेला होता. हा कवी १५५३ साली गोव्यात आला आणि पूर्वेकडच्या देशांत बरीच वर्षं भटकला. वास्को द गामाच्या प्रवासावर त्याने मोठं काव्य रचलं. ते १५७२ साली लिस्बन शहरात छापलं गेलं.

एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, कोड्यातला कवी हाच का?"

नाही. कामोंइश गोव्यात राहिला, पण लिहिलं त्याने आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांसाठी. आपल्या कोड्यातला कवी गोव्यात आला तो कामोंइशच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी. त्याने मात्र इथल्या लोकांसाठी, इथल्या भाषेत लिहिलं. त्याला भेटायला आम्हाला मडगावच्या बाजूला जायचं होतं.

राशोलच्या दारात

मडगावपासून थोड्याच अंतरावर, जुवारी नदीच्या बाजूला राशोल नावाचं गाव आहे. रायतूर असंही त्याला म्हणतात. शेतं, माडांची रांग आणि टेकाडावर एक पांढरी भव्य इमारत. खाली जुन्या किल्ल्याचं दार अजून उभं आहे. किल्ला बाकी संपला. ही इमारत १६१० साली पूर्ण झाली. इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचं शिक्षण होतं, आणि आजही होतं. जाड भिंती, लांबच लांब व्हरांडे. आवाज आपोआप खाली येतो.

कोड्याचं उत्तर इथे मिळालं. त्या कवीचं नाव फादर टॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज लोक त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. पण जन्माने ते पोर्तुगीज नव्हते, इंग्रज होते! इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, बुश्टन गावी, सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. ते तरुण झाले तेव्हा इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचं राज्य होतं आणि कॅथलिक पंथाच्या लोकांना तिथे राहणं अवघड झालं होतं. टॉमस रोमला गेले. १५७५ साली ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संघात दाखल झाले आणि मग त्यांनी हिंदुस्थानात जायचं ठरवलं.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाजं सुटली आणि २४ ऑक्टोबरला ती गोव्याला पोचली. साडेसहा महिने पाण्यावर! पोचल्यावर थोड्याच दिवसांनी टॉमसनी आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलंही गेलं. ताजं अन्न नसल्यामुळे खलाशांच्या हिरड्या कशा सुजत, पाय कसे सुजत, हे त्यात आहे. जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. आज आपल्याला माहीत आहे, की हा 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग होता. लिंबू, आवळा मिळाला असता तर ही माणसं वाचली असती. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक?

मुलांनो, ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. म्हणजे तिच्याही एकवीस वर्षं आधी हा इंग्रज माणूस आपल्याकडे आला. व्यापारासाठी नाही, राज्यासाठी नाही. तो आला धर्मप्रचारासाठी. त्यानंतर तो परत गेलाच नाही. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी हा जो गोव्याचा सासष्टी महाल, त्यात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली आणि १६१९ साली गोव्यातच त्यांचं निधन झालं.

तिशीत गिरवलेली बाराखडी

सासष्टीतले लोक घरात कोकणी बोलत. पुराण, कीर्तन, पोथी मात्र मराठीत असे. फादर स्टीफन्स दोन्ही भाषा शिकले. शिकले म्हणजे 'पाणी द्या, भात द्या' एवढ्यापुरतं नाही. कोकणीचं त्यांनी व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोललाच छापलं. भारतीय भाषेचं छापलेलं हे पहिलं व्याकरण मानतात. बाहेरगावच्या माणसाने आपल्या बोलण्यातले नियम शोधून काढावेत, याचं नवल वाटतं ना?

१५८३ साली आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट नोंदवली. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे, असं त्यांना दिसलं. पुढे दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये, कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असाव्यात असं मांडलं, तेव्हा जग थक्क झालं. त्याची चाहूल सासष्टीतल्या या पाद्र्याला आधीच लागली होती.

आता ओव्यांची गोष्ट. गोव्यात जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. मग त्यांनी वाचायचं काय? फादर स्टीफन्सनी आपल्या ग्रंथात हाच प्रसंग रंगवला आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत आणि तिथे एक माणूस येऊन म्हणतो, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर मग दुसरी द्या. त्या मागणीतून तयार झालं 'ख्रिस्तपुराण'. बायबलातली कथा, पण मराठी ओवीत! सुरुवातीला आपल्या पोथ्यांप्रमाणे नमन. स्वर्गाला शब्द वापरला आहे वैकुंठ. दोन भाग, पंचाण्णव अध्याय आणि सुमारे अकरा हजार ओव्या. आपली ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची, यावरून अंदाज करा.

या पुराणात त्यांनी मराठीची थोरवी गायली आहे. दगडगोट्यांत रत्न, फुलांत मोगरा, सुगंधात कस्तुरी, पाखरांत मोर, अशी मराठी भाषा त्यांना दिसली. हे आपण आपल्या आईच्या भाषेबद्दल म्हटलं तर त्यात विशेष नाही. पण हे म्हणाला तो सातासमुद्रापलीकडून आलेला, तिशीत बाराखडी गिरवलेला माणूस!

ग्रंथ १६१६ साली राशोलला छापला. तुकोबारायांचा जन्म १६०८ चा मानतात. म्हणजे त्या वेळी तिकडे देहूत तुकोबा सातआठ वर्षांचे असतील. एकाच वेळी, एकाच भाषेत, दोन टोकांना काय काय चाललं होतं पाहा!

सहाशे साचे

पण ग्रंथ छापला तो आपल्या लिपीत नाही, तर रोमन लिपीत. म्हणजे शब्द मराठी, अक्षरं एबीसीडी. असं का? फादर स्टीफन्सना हे आवडत होतं असं समजू नका. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, की इथली पुस्तकं इथल्याच भाषेत आणि इथल्याच लिपीत छापावीत अशी माझी कितीतरी वर्षांची इच्छा आहे. अडचण अशी, की युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, आणि इथे खिळ्यांचे सहाशे साचे लागतील. (छापखान्यातल्या धातूच्या अक्षराला खिळा म्हणत, बरं का.)

मी मुलांना व्हरांड्याबाहेरच्या सावलीत बसवलं आणि म्हटलं, "करा हिशेब." क पासून ज्ञ पर्यंत छत्तीस अक्षरं. प्रत्येकाची बाराखडी. छत्तीस बारे चारशे बत्तीस. त्यात अ, आ, इ, ई मिळवा. मग जोडाक्षरं: स्त, क्त, न्य, प्र, ष्ट... मुलं बोटं मोडत राहिली आणि शेवटी एक जण ओरडला, "बाई, सहाशेला पोचतंय की!" चारशे वर्षांपूर्वीचा तो माणूसही असाच बोटं मोडत बसला असेल. गोव्यात त्याचे सहाशे साचे काही झाले नाहीत. पुढे १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं, तेव्हा फादर स्टीफन्सना जाऊन १८६ वर्षं झाली होती.

ख्रिस्तपुराण पुढे १६४९ आणि १६५४ सालीही छापलं. पण या तिन्ही छपायांतली एकही प्रत आज सापडत नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला म्हणून. चर्चमध्ये, घरांत तो मोठ्याने म्हटला जायचा, विशेषतः उपवासाच्या दिवसांत. मंगळूरकडच्या घरांतही हस्तलिखितं जपली गेली. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतलं एक हस्तलिखित तर थेट लंडनच्या ग्रंथालयात मिळालं. पालखीत तुम्ही पाहता ना, वारकऱ्याच्या हातात पोथी नसली तरी ओव्या तोंडात असतात. ग्रंथ टिकतो तो असा.

अवघड प्रश्न

तिसऱ्या दिवशी आम्ही मंगेशीच्या देवळात गेलो. तिथे मी मुलांना सांगितलं, की हा देव मूळचा इथला नाही. त्याचं देऊळ सासष्टीत कुठ्ठाळीला होतं. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी देवाला नदीपलीकडे आणलं. कवळ्याची शांतादुर्गा अशीच केळशीहून आली. १५६७ साली सासष्टीतली बहुतेक सगळी देवळं पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी चिडून पाच पाद्र्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना ठार केलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचं स्मारक आहे. आणि कुंकळ्ळीत हे घडत होतं तेव्हा फादर स्टीफन्स सासष्टीतच काम करत होते.

एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, देवळं पाडनाऱ्यांच्यातलाच ना त्यो? मग त्यो मानूस चांगला का वाईट?"

प्रश्न अवघड होता, आणि मला फार आवडला. मी त्याला म्हटलं, "दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी पुसायची नाही." फादर स्टीफन्स ज्या सत्तेच्या आधाराने इथे राहिले, तिने लोकांची देवळं पाडली, पोथ्या काढून घेतल्या. त्यांतल्या रामायण-महाभारताच्या कथांच्या काही पोथ्या पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आजही आहेत. ओव्या लिहिण्यामागे फादरांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. तो त्यांनी लपवलाही नाही. पण इथल्या माणसांशी बोलायचं तर त्यांची भाषा नीट शिकली पाहिजे, तिचा मान ठेवला पाहिजे, हेही त्यांनी ओळखलं. सगळ्यांनी ओळखलं नाही. १६८३ साली संभाजी महाराजांच्या स्वारीने पोर्तुगीजांची गोव्यात दाणादाण उडाली होती. त्या वेळच्याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं!

पाहा, एका माणसाने लोकांची भाषा शिकायला चाळीस वर्षं दिली. दुसऱ्याने ती सोडायला तीन वर्षांची मुदत दिली. हुकूम काढणाऱ्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पर्वरीला कोकणी भाषेचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिला मात्र फादर स्टीफन्स यांचंच नाव दिलेलं आहे. आणि भाषा? ती तर गोव्याच्या बाजारात, बसमध्ये, मासे विकणाऱ्या बायकांच्या तोंडी आम्ही तीन दिवस ऐकतच होतो.

हे मी एवढं का सांगते आहे? आमच्याकडे हंगामात ऊसतोडीची माणसं येतात. त्यांची मुलं शाळेत येऊन बसतात. कुणी बीडकडचं, कुणी तांड्यावरचं, घरात लमाणी बोलणारं. त्यांनी तोंड उघडलं की वर्गात खसखस पिकते. सहलीनंतर मला एक दिवस मधल्या सुट्टीत वेगळंच दिसलं. तो प्रश्न विचारणारा मुलगा वही घेऊन तांड्यावरच्या एका मुलीजवळ बसला होता. "भाकरीला काय म्हणता? चुलीला काय म्हणता?" ती सांगत होती आणि तो लिहीत होता. चुकला की ती हसत होती. पहिल्यांदाच हसण्याची पाळी तिची होती!

तुम्हीही गोव्याला जाल. समुद्र बघालच, चर्च आणि देवळंही बघाल. सवड काढून मोठ्यांबरोबर राशोललाही जा. तिथे मुलं शिकतात, प्रार्थना चालते, तेव्हा परवानगी घेऊनच आत जा आणि हळू बोला.

आणि जाईपर्यंत एक करा. ओवीची रचना सोपी आहे. चार चरण. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, चौथा चरण जरा आखूड आणि मोकळा. आपल्या गावावर, नदीवर, आजीवर एक ओवी रचून बघा. पुस्तकी मराठीतच रचली पाहिजे असं नाही. तुमच्या घरात जी बोली आहे तीत रचा. लिहून झाली की मोठ्याने म्हणा. कानाला बरी लागली तर समजा, जमली!